मांडीतलं ८ मिलिमीटरचं दुखणं

प्रश्न : डॉक्टर, माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, दहावीत शिकतो, शाळेच्या कबड्डी संघात खेळतो. गेले नऊ महिने त्याची उजवी मांडी रात्री दुखते. दिवसा फारसं नाही, पण रात्री दोन-अडीचला उठून बसतो. दुखण्याची गोळी घेतली की पाऊण तासात झोप लागते. आधी ‘वाढीचं दुखणं’ म्हणून कॅल्शियम झालं, मग कमरेचे व्यायाम झाले. एमआरआयच्या रिपोर्टवर ‘संसर्ग किंवा ट्यूमर’ असं लिहून आलं, तेव्हा आमच्याकडे दोन दिवस चूल पेटली नाही. शेवटी सीटीमध्ये ‘ऑस्टिऑइड ऑस्टिओमा, ८ मिमी’ असं निदान झालं. जागा मांडीच्या हाडाच्या वरच्या भागात, आतल्या अंगाला आहे. इथले हाडांचे डॉक्टर म्हणतात, उघडून तेवढा तुकडा काढू. पुण्याच्या डॉक्टरांनी सुईने जाळायचं सुचवलं. त्यांच्याकडे त्यासाठी रोबोट आहे आणि त्याचे पैसे वेगळे. माझ्या बहिणीचा गुडघा रोबोटने बदललाय, ती म्हणते डोळे झाकून करा. आई म्हणते, पोराच्या हाडात यंत्र घालू नका, मधेच लाइट गेली तर? काय करावं? आणि बोर्डाची परीक्षा होईपर्यंत थांबता येईल का?
– एक वडील, कराड

उत्तर : आधी चूल पेटवा. ऑस्टिऑइड ऑस्टिओमा हा कॅन्सर नाही. तो अंगात पसरत नाही आणि पुढे जाऊन त्याचा कॅन्सर होत नाही. ‘ट्यूमर’ म्हणजे नको त्या जागी वाढलेली गाठ, एवढंच. रिपोर्टात तो शब्द लिहिणाऱ्याने पुढे एक वाक्य जास्त लिहिलं असतं तर तुमचे ते दोन दिवस वाचले असते. आम्हा रेडिओलॉजिस्ट, म्हणजे स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टर मंडळींची ही जुनी खोड आहे, आणि मीही त्यातलीच.

खरं तर तुमच्या पत्रातल्या दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच निदान आहे. मुलगा, वय पंधरा, मांडी, रात्रीचं दुखणं, गोळीने हमखास थांबणं. न्यूयॉर्कचे हेन्री जॅफी यांनी १९३५ मध्ये या गाठीला वेगळं ओळखून नाव दिलं, तेव्हापासून तिची कहाणी साधारण अशीच सांगितली जाते. मधोमध एक मऊ दाणा असतो, त्याला आम्ही नायडस म्हणतो, आणि तो सहसा दीड सेंटिमीटरच्या आतच असतो. त्याच्याभोवती हाड जाड भिंत बांधून बसतं. हा दाणा प्रोस्टाग्लॅन्डिन नावाचं रसायन भरपूर बनवतो आणि दुखणं त्याचंच. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या नेमकं ते रसायन अडवतात, म्हणून तुमचा मुलगा पाऊण तासात झोपतो. एमआरआयमध्ये भोवतीची सूज इतकी झगझगीत दिसते की दाणा तिच्यात हरवून जातो. सीटीमध्ये मात्र तो स्वच्छ दिसतो. नऊ महिने निदान झालं नाही म्हणून स्वतःला किंवा पहिल्या डॉक्टरांना बोल लावू नका. पंधरा वर्षांच्या खेळाडू मुलाची मांडी दुखली की पहिल्या भेटीत कुणी सीटी काढत नाही, आणि काढूही नये.

तुम्ही विचारलंय ते रोबोटबद्दल. पण त्याआधीचा प्रश्न मोठा आहे : उघडून काढायचं, सुईने जाळायचं, की गोळ्यांवर थांबायचं.

थांबणं अगदीच चुकीचं नाही. या गाठी काही वर्षांनी आपोआप विझू शकतात. पण ‘काही वर्षं’ म्हणजे बहुधा दोन-तीन किंवा त्याहून जास्त, आणि तेवढा काळ रोज रात्री गोळी. त्यात पोट आणि मूत्रपिंडं दोन्ही भरडली जातात. (घरात कुणी ॲस्पिरिन सुचवलं तर या वयात नको, विशेषतः तापात किंवा कांजिण्यांत.) शिवाय दुखऱ्या पायावर भार टाळून टाळून मांडीचा स्नायू बारीक होतो. एकदा दोन्ही मांड्यांचा घेर टेपने मोजून बघा, बहुतेक फरक दिसेल.

उघडून काढायचं तर अडचण वेगळी आहे. वरून बघणाऱ्या सर्जनला हाड सगळीकडे सारखंच पांढरं दिसतं, ८ मिलिमीटरचा दाणा नेमका कुठे आहे ते डोळ्यांना कळत नाही. मग खात्रीसाठी मोठा तुकडा काढावा लागतो. वर-आतल्या बाजूचा हा भाग शरीराचं वजन पेलणारा, तो कापला की कधी हाडाचं कलम बसवा, कधी धातूची पट्टी-स्क्रू लावा, आणि पुढे काही महिने कुबड्या. तुमचे स्थानिक डॉक्टर चुकीचं सांगत नाहीत, एके काळी हाच उपाय होता. पण १९९२ मध्ये बॉस्टनचे डॅनियल रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या चार रुग्णांची हकिगत छापली. सीटीमध्ये बघत बघत दाण्यात बारीक सुई घालायची, तिच्या टोकाला रेडिओफ्रिक्वेन्सीने, म्हणजे अतिजलद उलटसुलट होणाऱ्या विजेने, साधारण ९० अंश सेल्सिअस उष्णता द्यायची, काही मिनिटं धरून ठेवायची. दाणा जागच्या जागी मरतो. हाड तसंच राहतं, त्याला फक्त सुईएवढं भोक पडतं. दहापैकी साधारण नऊ जणांचं दुखणं एका बैठकीत जातं, उरलेल्यांत पुन्हा करता येतं. मांडीच्या हाडातल्या अशा गाठीला मी स्वतः सुईच निवडेन, आणि माझा भाचा असता तरी हेच सांगितलं असतं.

आता रोबोट.

तुमच्या बहिणीच्या गुडघ्यात आणि मुलाच्या मांडीत ‘रोबोट’ हा शब्द सोडला तर फार साम्य नाही. शस्त्रक्रियेत हाड कोरणारा रोबोट आला तोही १९९२ मध्येच, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेन्टोला. रोबोडॉक नावाचं ते यंत्र खुब्याच्या सांध्यासाठी मांडीच्या हाडात स्वतः खाच कोरायचं. आजच्या गुडघ्याच्या यंत्रांत बहुतेक वेळा करवत सर्जनच्या हातात असते आणि यंत्र तिला आखलेल्या हद्दीबाहेर जाऊ देत नाही. सुईच्या कामातला रोबोट यापेक्षाही साधा आहे. बहुतेक यंत्रं सुई आत ढकलतच नाहीत. (सुई स्वतः पुढे नेणारं यंत्रही निघालं आहे, म्हणून पुण्यात कोणतं आहे ते विचाराच.) मुलगा टेबलावर असतानाच काढलेला सीटी यंत्राच्या संगणकात जातो. डॉक्टर पडद्यावर दोन ठिपके देतात, एक कातडीवर सुई शिरेल तिथे आणि एक दाण्यात. संगणक कोन आणि खोली काढून देतो. मग यंत्राचा हात येऊन त्या कोनात एक छोटी नळी धरून थांबतो. लेथवर काम केलेलं कुणी घरात असेल तर त्यांना सांगा : ड्रिल-बुश, म्हणजे ड्रिलला सरळ धरणारी नळी. भोक पाडणारा माणूसच, बुश फक्त त्याला वाकडं जाऊ देत नाही. या कामाची यंत्रं आपल्याकडे चेन्नईच्या परफिंट कंपनीनेही बनवली आहेत, तेव्हा हे फार सातासमुद्रापारचं प्रकरण समजू नका.

मग एवढ्याशा नळीसाठी वेगळे पैसे का मोजायचे? इथे हाडाचा स्वभाव समजून घ्यावा लागतो.

यकृतात सुई घालताना थोडी चुकली तर मागे घेऊन, वळवून पुन्हा पुढे नेता येते. हाडात तसं चालत नाही. एकदा टणक कवचात भोक पडलं की सुई त्याच रेषेत जाणार. आणि मुळात भोक पडतानाच घोटाळा होतो. सोललेल्या नारळाच्या करवंटीवर खिळा ठेवून ठोकून बघा. बरोबर मधोमध ठेवलात तर शिरेल, उतारावर ठेवलात तर सटकून भलतीकडे जाईल. मांडीचं हाड गोल आहे, म्हणजे त्याला उतारच उतार. त्यात या गाठीभोवतीचं हाड नेहमीपेक्षा जाड आणि कडक झालेलं असतं.

तुमच्या मुलाची गाठ आतल्या अंगाला आहे. त्या बाजूने थेट शिरायचं तर जांघेतून उतरणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या वाटेत येतात. म्हणून अशा ठिकाणी आम्ही बऱ्याचदा उलट बाजूने, बाहेरून, हाडाच्या आरपार जातो. कातडीपासून दाण्यापर्यंत समजा ८ सेंटिमीटरचा प्रवास झाला. सुरुवातीचा कोन ३ अंशांनी चुकला, तर टोकाशी चूक साधारण ४ मिलिमीटर. दाणा ८ मिलिमीटरचा, म्हणजे मध्य सोडून तुम्ही नेमके त्याच्या काठावर. सुईच्या टोकाभोवती जेमतेम सेंटिमीटरभर रुंदीचा भाग जळतो, त्यामुळे काठावर जाळलं तर पलीकडची कड जिवंत राहू शकते, आणि सहा महिन्यांनी मुलगा पुन्हा रात्री उठून बसतो. ३ अंश म्हणजे किती? घड्याळात मिनिटकाटा अर्ध्या मिनिटात सरकतो तेवढा. मोकळ्या हाताने, हिरव्या कापडांच्या गराड्यात, दोन दिशांनी तिरका असा कोन तितक्या बारकाईने धरणं जमतं, पण प्रत्येक वेळी पहिल्या फटक्यात जमत नाही.

हे मी अनुभवाने सांगतेय. बऱ्याच वर्षांपूर्वी, हा यांत्रिक हात हाताशी नव्हता तेव्हा, एका शाळकरी मुलीच्या अशाच गाठीवर मी सुई लावत होते. कातडीवर जाळीची पट्टी चिकटवायची, सीटीच्या लाल रेषेवर पेनाने खूण करायची, अंदाजाने कोन धरायचा, बाहेर जाऊन स्कॅन बघायचा, परत आत यायचं. सुई तीनदा हाडावरून घसरली. चौथ्यांदा बसली, गाठ जळली, मुलगी बरी झाली. पण अर्ध्या तासाच्या कामाला दीड तास लागला, तेवढा वेळ ती भुलीखाली होती, आणि प्रत्येक फेरीला एक जादा स्कॅन, म्हणजे तेवढे जादा किरण. रोबोटचा खरा फायदा मला इथे दिसतो. दिशा पहिल्यांदाच बरोबर बसली तर खात्रीचे स्कॅन कमी लागतात आणि भूल लवकर उतरवता येते. वाढत्या वयाच्या मुलात या दोन्ही गोष्टींना किंमत आहे.

पण रोबोटला दिसतो तो काही मिनिटांपूर्वीचा सीटी. त्यानंतर पाय २ मिलिमीटर हलला, किंवा ड्रिलच्या दाबाने मांडी किंचित फिरली, तर यंत्राचा हात जुन्याच जागेकडे अगदी इमानदारीने बोट दाखवत राहतो. म्हणून पाय हवा काढून घट्ट होणाऱ्या गादीत नीट बसवलेला हवा, आणि जाळण्याआधी एक खात्रीचा स्कॅन हवाच. ‘रोबोट आहे, खात्रीची गरज नाही’ असं कुणी म्हणालं तर त्या टेबलावर मुलाला झोपवू नका. आणि ते दोन ठिपके, म्हणजे दाणा कुठला आणि वाट कुठली, हे यंत्र ठरवत नाही. शेजारून जाणारी रक्तवाहिनी त्याला आपोआप कळत नाही. ते डोकं पडद्यासमोर बसलेल्या माणसाचं.

आजींची शंका अगदी रास्त आहे, तिला हसू नका. लाइट गेली तर जनरेटर असतो. तरीही यंत्राचा हात बंद पडला, तर तो बाजूला करून डॉक्टर हाताने काम पुरं करतात, कारण सुई पहिल्यापासून त्यांच्याच हातात होती. जाळणारं यंत्र थांबलं तर सुईचं टोक फक्त थंड होतं, पुन्हा सुरू करता येतं. आजींना हेही सांगा की तेल लावून हलक्या हाताने चोळल्याने नुकसान नाही, पण हाडवैद्याकडून रगडून घेण्याचा इथे काडीचा उपयोग नाही.

माझं मत विचाराल तर मुलाच्या या जागेसाठी मी रोबोटच्या बाजूने आहे, पण हट्टाने नाही. नडगीच्या मधोमध, कातडीखाली बोटाला लागेल अशी गाठ असती, तर रोबोटचे पैसे वाचवा म्हणाले असते. आणि एकीकडे अशा गाठी हाताने वर्षानुवर्षं जाळणारे डॉक्टर असतील, दुसरीकडे कोरा करकरीत रोबोट आणि शिकाऊ हात असतील, तर मी पहिल्यांकडे जाईन. पुण्याच्या डॉक्टरांना सरळ विचारा, हाडातल्या अशा किती गाठी तुम्ही स्वतः केल्या आहेत? यकृताच्या आणि फुफ्फुसाच्या सुया मोजून सांगितल्या तर हाडाच्या पुन्हा विचारा. यंत्र अडलं तर त्याच दिवशी हाताने कराल का, हेही विचारा. जाळण्याआधी तपासणीसाठी तुकडा घेणार का, हा प्रश्नही हवा. घ्यावा असं माझं मत, पण नमुना इतका बारीक असतो की पॅथॉलॉजीचा रिपोर्ट बऱ्याचदा ‘निश्चित सांगता येत नाही’ असा येतो. तसं झालं तर पुन्हा चूल विझवू नका. सीटीचं चित्र आणि दुखण्याची कहाणी जुळत असेल तर तेवढं पुरतं. आणि जाताना नुसते रिपोर्ट नेऊ नका, सीटीची सीडी न्या. वाट त्या चित्रांवरून आखतात, कागदावरून नाही.

पैशांचं. अंदाजपत्रक तुकड्या-तुकड्यांत लिहून मागा : भूल, सुईचा संच, सीटी, रोबोट, खोली. मेडिक्लेम असेल तर २०१९ मध्ये विमा नियामक ‘इर्डाई’ने आधुनिक उपचारांची एक यादी केली, तिच्यात रोबोटिक शस्त्रक्रिया आहे. विमा कंपन्यांना ती सरसकट नाकारता येत नाही, पण काही पॉलिसींत तिच्यावर रकमेची मर्यादा असते. नेमकी इथेच गंमत होते. रुग्णालयाने अर्जात मोठ्या अक्षरात ‘रोबोटिक’ लिहिलं की सगळा खर्च त्या मर्यादेखाली ढकलला जाऊ शकतो. म्हणून पूर्वपरवानगी आधी, लेखी, आणि उपचाराचं मूळ नाव ‘सीटीच्या मदतीने रेडिओफ्रिक्वेन्सी अ‍ॅब्लेशन’ (म्हणजे हेच सुईने जाळणं) असंच लिहायला सांगा, रोबोटचे पैसे वेगळ्या ओळीत. मुलाला त्याच दिवशी घरी सोडणार असतील तर डे-केअरमध्ये हा उपचार बसतो का, तेही विचारून ठेवा.

परीक्षेसाठी मी थांबणार नाही. रात्री दोनला उठणारा मुलगा सकाळी भूमिती काय करणार? यात एक दिवस रुग्णालयात जातो, फार तर दुसरी सकाळ. आठवड्याभरात तो बाकावर बसलेला असेल. पुढची चार-पाच दिवसांची सुट्टी धरा आणि तेव्हा उरकून टाका.

त्या दिवशी काय होतं ते थोडं सांगते, म्हणजे बाहेरच्या बाकावर तुमचा जीव टांगणीला लागणार नाही. सकाळी उपाशीपोटी. आत पूर्ण भूल देतात, कारण हा दाणा विलक्षण दुखरा असतो. इतका, की गाढ भुलीतल्या मुलाच्या दाण्याला सुई टेकली की मॉनिटरवर नाडीचा आकडा एकदम चढतो आणि श्वास जलद होतो. भूलतज्ज्ञ मान वर करून बघतात, आम्ही त्यांच्याकडे बघतो : पोचलो! पडद्यावरचं चित्र त्यानंतर दिसतं. मग पाच-सहा मिनिटं जाळणं, सुई बाहेर, कातडीवर एक छोटी पट्टी. संध्याकाळी मांडी ठणकेल. पण तो ठणका वेगळा असतो, मुलांना स्वतःलाच फरक कळतो. जुनं दुखणं बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत जातं. धोके अगदी नाहीत असं नाही : कातडी भाजणं, संसर्ग, शेजारच्या मज्जातंतूला इजा, आणि पुढे त्या भोकापाशी हाड मोडणं. सगळे विरळ, पण शेवटचा तुमच्या मुलाच्या बाबतीत मला जरा जास्त लक्षात ठेवावासा वाटतो, कारण भोक वजन पेलणाऱ्या जागी आहे.

आणि म्हणून पत्राच्या तळाशी वेगळ्या अक्षरात, बहुधा मुलाने तुमच्या नकळत लिहिलेल्या ओळीचं उत्तर : ‘डॉक्टर, जिल्हा स्पर्धेत चढाईला जाता येईल का?’

बाळा, या वर्षी नाही. चालणं, जिने, सायकलवर शाळा, हे सगळं डॉक्टर सांगतील तसं लवकर सुरू होईल. पण उड्या, धावणं आणि पकड साधारण तीन महिने बंद. सात जणांनी तुझा तो पाय धरून ओढायचं म्हणजे भोक भरण्याआधीच हाडाची परीक्षा घेणं. तेवढे दिवस मैदानाबाहेर बसून गुण लिही, आणि रोज दोनदा पाय सरळ ठेवून मांडीचा स्नायू आवळायचा व्यायाम कर. उन्हाळ्यात तुझ्या डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला की मग घाल दम. आणि हो, सुईनंतरच्या पहिल्या आठवड्यात रात्री किती वाजता जाग आली ते वहीत लिहून ठेव. पुढच्या तपासणीला डॉक्टर आधी तेच विचारतील.